जसंच्या तसं

ट्रेसरबाईंना निवृत्त होऊन सतरा दिवस झाले होते, आणि तेवढ्या दिवसांत त्यांच्याशी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोललेली माणसं होती दोन. एक दूधवाला, आणि तोही नासक्या दुधावरून त्या भांडायला गेल्या म्हणून. दुसरा धाकटा भाऊ, फोनवर. बाकी जो भेटला त्याने एकच गोष्ट ऐकवली, "आता काय, मोकळ्या झालात!" जिन्यातल्या शेजारणीने ऐकवली, बँकेतल्या कारकुनाने ऐकवली, चष्मेवाल्यानेही ऐकवली. मोकळं होऊन करायचं काय, हे सांगायला मात्र कुणी थांबलं नाही. सांगणाऱ्यांना घाई होती. त्यांना कामावर जायचं होतं.

बाई सवयीने सहाला उठत. आठपर्यंत सगळं आवरून, केस घट्ट बांधून, पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत बसत. साडेआठला उठून दाराला कुलूप लावायची वेळ होई, आणि मग लक्षात येई की कुलूप आतून लागत नाही. पर्स खुंटीवर जाई. दहापर्यंत भांडी घासून व्हायची. एका माणसाची भांडी ती किती असणार! मग त्या घासलेलीच पुन्हा घासत. बोलायला कुणी नसलं की माणूस भिंतीशी बोलतो म्हणतात. ट्रेसरबाईंना तेही जमलं नाही. त्या मुळात अबोल. भिंतीने सुरुवात केली असती तर कदाचित उत्तर दिलं असतं.

ट्रेसर म्हणजे काय, हे हल्ली समजावून सांगावं लागतं. इमारती बांधणाऱ्या सरकारी खात्यात ड्रॉइंगची शाखा असे. ड्राफ्ट्समन पेन्सिलीने नकाशा काढी. त्यावर ट्रेसरने पातळ, दुधी रंगाचं कापड ताणून टाचायचं आणि खालची रेघ न् रेघ काळ्या शाईने वर उतरवायची. त्या कापडावरून मग हव्या तेवढ्या निळ्या प्रती निघत, आणि त्या बघून गवंडी भिंती उभ्या करीत. ट्रेसरचा धर्म एकच, जसंच्या तसं. खालची रेघ वाकडी असेल तर वरची वाकडी. खाली चूक असेल तर वरही तीच चूक, स्वच्छ शाईत. नोकरीच्या पहिल्या वर्षी बाईंनी एका खिडकीचं माप आपल्या बुद्धीने दुरुस्त केलं होतं. माप बरोबर होतं, बाईंची बुद्धी चुकली होती. चार दिवसांचं काम साहेबांनी सगळ्यांसमोर टराटरा फाडलं. तेव्हापासून बाईंनी बुद्धी पर्समध्ये ठेवली आणि हात तेवढा टेबलावर. पुढे संगणक आले, शाईच्या बाटल्या वाळल्या आणि शेवटची आठ वर्षं बाई फायलींना नंबर घालत बसल्या. तरी नाव ट्रेसरबाईच राहिलं. निरोपाच्या दिवशी साहेब म्हणाले, अडतीस वर्षांत बाईंच्या हातून एकही चूक झाली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई तेवढ्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. लोकांना वाटलं, गहिवरल्या.

भावाचा फोन दर रविवारी दहाला यायचा. या रविवारी त्याने बेतच पक्का करून टाकला होता. वहिनीच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, दोन्ही मुलं आपापल्या कामात, घरात माणूस हवं. पण तसं तो म्हणाला नाही. त्याचं म्हणणं असं की ताईने आता एकटीने राहू नये, जन्मभर केलं तेवढं पुरे, त्याच्या घरी खोली तयार आहे. ती खोली बाईंना ठाऊक होती. तीत शिलाई मशीन होतं, जुन्या गाद्या होत्या, आणि अमुक कुठे ठेवायचं कळलं नाही की तेही तिथेच जात असे. आता ताईला कुठे ठेवायचं तेही ठरलं होतं. पंधरा तारखेला तो न्यायला येणार होता आणि महिनाअखेरीला या खोल्या सोडायच्या होत्या.

"इथेच राहिले तर?" बाईंनी विचारलं.

"राहा ना. पण तिथे एकटी करणार काय तू, ताई? ते तरी सांग."

वाईट त्याच्या मनात काही नव्हतं. खरं तेच त्याने विचारलं होतं, आणि खऱ्याला उत्तर नसलं की माणूस थाप मारतो. बाई म्हणाल्या, "चित्रकलेच्या वर्गाला जाते मी." मग तो म्हणाला की बरं आहे, पंधरापर्यंत जा.

थाप मारली खरी, पण थापेत राहायची बाईंना सवय नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यांनी खरोखरच वर्गात नाव घातलं. शेजारच्या शाळेत दुपारच्या सुट्टीनंतर एक खोली रिकामी असे, तिथे चित्रकलेचे निवृत्त मास्तर मोठ्या माणसांना शिकवीत. सात-आठ मंडळी होती, बहुतेक आपापल्या घरात अडचण झालेली. मास्तरांनी बाईंपुढे कोरा कागद ठेवला आणि सांगितलं, मनाला येईल ते काढा, इथे कुणाची सक्ती नाही, पूर्ण स्वातंत्र्य.

पूर्ण स्वातंत्र्य म्हणजे काय ते बाईंना त्या दुपारी कळलं. कागद पांढरा आणि त्याच्याखाली टेबल. टेबलावर काही काढलेलं नाही. पेन्सिल हातात धरून त्या दीड तास बसल्या. इतरांची झाडं झाली, डोंगर झाले, एकीचं मांजरही झालं. बाईंनी शेवटी कागदाच्या कडेने बोटभर आत सरळ चौकट आखली, उजव्या कोपऱ्यात नाव, तारीख आणि प्रमाण लिहायचा रकाना पाडला आणि वर उत्तर दिशेचा बाण काढला. मास्तर येऊन बघत राहिले.

"वा, चौकट सुरेख आहे," ते म्हणाले. "आता आत काहीतरी येऊ द्या."

आत काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी बाईंनी जे जमत होतं ते केलं. शेजारी एक निवृत्त तिकीट तपासनीस बसत. त्यांनी मोठ्या हौसेने एक सुरई रंगवली होती आणि चहा प्यायला ते बाहेर गेले होते. बाईंनी पर्समधला पातळ कागद काढून त्यावर ठेवला आणि सुरई उतरवून घेतली. किती बरं वाटलं त्यांना! हात पुन्हा हातासारखा चालू लागला. सुरईचं एक अंग बसकं होतं, ते बसकंच उतरवलं. एक रेघ दोनदा गिरवलेली होती, ती दोनदा गिरवली. खालच्या कोपऱ्यात चहाचा थेंब पडून पिवळा डाग झाला होता. बाईंनी त्याचा काठसुद्धा नाजूक हाताने तंतोतंत काढला. त्यांच्या धंद्यात खाली दिसतं ते वर यायलाच हवं.

तपासनीस परत आले, त्यांनी दोन्ही कागद पाहिले आणि त्यांचे कान लाल झाले. जन्मभर विनातिकीट माणसं पकडलेला तो मनुष्य. आपल्याला कोण वेडावतंय, हे त्याला लगेच कळतं अशी त्याची समजूत.

"बाई, आम्हाला येत नाही म्हणून तर इथे शिकायला येतो. डाग काढून दाखवायची काय गरज होती?"

बाईंनी सांगून पाहिलं की डाग होता म्हणून काढला. त्याने प्रकरण आणखी चिघळलं. मांजरवाल्या बाई तोंडावर पदर धरून हसल्या. मास्तरांनी स्वातंत्र्य मागे घेतलं आणि म्हणाले की दुसऱ्याच्या कागदाला हात लावायचा नाही. ट्रेसरबाईंनी पातळ कागदाची चार घड्यांची पुडी केली, पर्समध्ये घातली आणि त्या घरी आल्या. रात्रभर डोकं ठणकत होतं. पंधरा तारखेला आता आठच दिवस उरले होते आणि भावाच्या प्रश्नाचं उत्तर संपलं होतं.

सकाळीही डोकं थांबेना, तेव्हा रक्तदाब तपासायला त्या सरकारी दवाखान्यात गेल्या. जवळच होता, तीन थांबे पुढे, पण बाईंना कधी काही होतच नसे, म्हणून त्या आत कधी गेलेल्या नव्हत्या. बाकांवर माणसं दाटीने बसलेली, भिंतींचा खालचा भाग तपकिरी, वरचा एकेकाळी पांढरा. तपासणी ड्रेसिंगच्या खोलीत होती. दाराशी सिस्टर उभी होती, चाळिशीची, अंगाने भक्कम, आवाजाने त्याहून.

"आडव्या व्हा," ती म्हणाली.

"इथेच?"

"झोपायला नाही सांगत, काकू. दारातून जाताना आडव्या व्हा म्हणते. दार अर्धंच उघडतं."

खरंच दार अर्धं उघडून आतल्या खांबावर अडत होतं. खांबावर, दाराची मूठ आपटायची तिथे, सिमेंटला खोलगट वाटी पडली होती. बाई आडव्या होऊन आत गेल्या. दंडाला पट्टा गुंडाळला गेला. तेवढ्यात बाहेर गडबड झाली. चाकाच्या खुर्चीतला एक म्हातारा पायाची जखम बांधायला आला होता. खुर्ची दारातून जाईना, कशी जाणार? सिस्टर बाहेर गेली. तिने आणि एका वॉर्डबॉयने म्हाताऱ्याला काखेत धरून उचललं, तिरका केला, दाराच्या फटीतून आत सरकवला. म्हातारा डोळे घट्ट मिटून होता. दुखण्यापेक्षा लाजेने. गेली दोन वर्षं आठवड्यातून दोनदा तो असा आत येतो, असं नंतर कळलं.

सिस्टर धापा टाकत परतली. "ज्या कोणी हे दार काढलंय ना, त्याला एकदा या खुर्चीत बसवून इथून न्यायचा आहे मला."

बाई खांबाकडे बघत होत्या. खांब, त्याच्या डावीकडे मोरी, मोरीवर तीन झरोके. दोन सारखे, तिसरा बारका. ती खोली त्यांनी जन्मात पाहिली नव्हती आणि तिचा कोपरा न् कोपरा त्यांच्या बोटांना ठाऊक होता.

"मी काढलंय," त्या म्हणाल्या.

सिस्टरने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पट्टा पुन्हा गुंडाळून रक्तदाब पुन्हा मोजला. तो बरा आला, तेव्हा तिने स्टूल ओढलं. बाईंनी सांगितलं, तुटक तुटक. बत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नकाशात खांब मागाहून घातलेला होता. दार मात्र आधीच्याच बाजूला उघडणारं राहिलं. शाई भरताना त्यांच्या लक्षात आलं होतं.

"म्हणजे तुम्हाला दिसलं होतं."

"हो."

"आणि बोलला नाहीत."

"ट्रेसरने बोलायचं नसतं."

"आम्हीही डॉक्टरांपुढे बोलायचं नसतं," सिस्टर म्हणाली. "पेशंट जायला लागला की बोलतो."

बाई आडव्या होऊन बाहेर पडल्या आणि तीन थांबे पायी चालत घरी आल्या.

चालताना एक गोष्ट त्यांना टाळता आली नाही. ज्या महिन्यात त्यांनी ते दार काढलं, त्याच महिन्यात मुख्य ड्राफ्ट्समननी त्यांना बोलावून परीक्षेचा फॉर्म हातात दिला होता. हात चांगला आहे, डोकंही आहे, किती दिवस दुसऱ्याच्या रेघा गिरवणार, ड्राफ्ट्समन व्हा. फॉर्म तीन आठवडे टेबलाच्या खणात पडून राहिला आणि तारीख उलटून गेली. मग बाईंनी ऑफिसात सांगितलं की आई आजारी आहे. पुढे आई खरोखर आजारी पडली, भावाचं शिक्षण आलं, त्याचं लग्न आलं, आणि संधी मिळाली नाही हे सगळ्यांना पटलं, भावालासुद्धा. तो अजून चारचौघांत सांगतो, ताईने आमच्यासाठी सगळं सोडलं. पण त्या महिन्यात आई ठणठणीत होती. चार मजले चढून यायची. बाईंना कुणी अडवलं नव्हतं. ड्राफ्ट्समनच्या टेबलावर कोरा कागद असतो, खाली काही नसतं, आणि चुकलं तर ते आपलं असतं. तेवढ्यालाच त्या भ्यायल्या. संधी आली होती, खुर्ची ओढून समोर बसली होती. बत्तीस वर्षं बाईंनी आईच्या नावावर ते बिल फाडलं, आणि आई बिचारी कधी काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला बाईंनी दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि दवाखाना गाठला. दार उलट्या बाजूला बसवून घ्या, एवढंच सांगायचं होतं. बिजागऱ्या तिकडच्या इकडे. सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम. सिस्टर हसली. तिने चार वर्षांत चार अर्ज केले होते आणि चारही एकाच शेऱ्यानिशी परत आले होते: नकाशा जोडावा. सरकारी इमारतीच्या बिजागरीला हात लावायचा तरी मंजूर नकाशा लागतो. जुना नकाशा कुठे आहे? तो कुठे आहे ते बाईंना चांगलं माहीत होतं. गेल्या वर्षी ऑफिसच्या गळक्या खोलीत भिजून लगदा झालेल्या गठ्ठ्यांची यादी त्यांनीच केली होती.

"मग नवा काढावा लागेल," बाई म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते त्यांना मागाहून ऐकू आलं.

त्यानंतरचे दिवस बाईंनी दवाखान्यात काढले. दुपारी गर्दी ओसरली की मोजमाप घ्यायचं, संध्याकाळी घरी जेवायच्या टेबलावर कागद लावायचा. पहिली रेघ कुठे मारावी यातच एक अख्खी संध्याकाळ गेली. खाली काहीच नव्हतं. मोजलेले आकडे होते, पण आकडा म्हणजे रेघ नव्हे. तीन कागद फाटले. चौथ्यावर दवाखान्याची पुढची भिंत आली आणि मग बाकीचं तिच्या आधाराने येत गेलं. कुणी वाहवा केली असं नाही. सिस्टर कामात असे, टेपचं दुसरं टोक धरायला कधी कुणी मिळे, कधी नाही. म्हातारा खुर्चीतून उचलून आत नेला जाताना अजून डोळे मिटत होता. बाई काय करताहेत याचा त्याला पत्ता नव्हता, आणि त्यांनी तो लागू दिला नाही. सांगायचं काय? तुमच्या दोन वर्षांचा हिशेब माझ्याकडे आहे?

पंधरा तारखेला भाऊ आला. खोलीला कुलूप. शेजारणीने सांगितलं, त्या दवाखान्यात असतात हल्ली, रोज. भाऊ घाबरून धावत आला. बघतो तर ताई व्हरांड्यात गुडघे टेकून भिंतीच्या कडेला टेप लावतेय.

"अगं, मला वाटलं तुला काय झालं!"

"हे टोक धर," बाई म्हणाल्या. "त्या कोपऱ्यात. भिंतीला लावून."

त्याने हातातली पिशवी खाली ठेवली आणि टोक धरलं. लहानपणापासून ताईने काही धर म्हटलं की तो धरत आलेला. बाई टेप सोडत व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. मधे बाकांवरची माणसं पाय वर घेत होती. एवढ्या अंतरावरून बोलायचं म्हणजे आवाज चढवावा लागत होता, आणि दोघांनाही लोकांपुढे आवाज चढवायची सवय नव्हती. म्हणून तो थोडंच बोलला.

"सामान बांधलंस?"

"नाही."

"ताई, तुझी वहिनी वाट बघतेय. तिला उठबस होत नाही."

"मग बाई ठेव कामाला. मी येऊन राहीन दोन-चार दिवस, पाहुणी म्हणून. खोल्या सोडणार नाही."

"या दवाखान्यासाठी? कोण लागतो तुझा हा दवाखाना?"

बाईंनी आकडा वहीत उतरवला. मग टेप गुंडाळत त्याच्यापर्यंत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुला एक सांगायचं होतं. परीक्षा मी तुमच्यासाठी नाही सोडली. मी भ्याले होते. तू सगळ्यांना ते त्यागाचं सांगत फिरू नकोस."

आयुष्यभर उराशी धरलेलं ऋण कुणी असं एका वाक्यात काढून घेतलं, तर माणसाला हलकं वाटायला हवं. भावाला वाटलं नाही. उलट काहीतरी हरवल्यासारखा त्याचा चेहरा झाला. त्याने पिशवी उचलली. वहिनीने दिलेला डबा तीत होता, तो बाकावर ठेवला, आणि चारची गाडी मिळेल म्हणून तो निघाला. जाताना म्हणाला, "तुझी मर्जी." तो रागावलाही असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

रविवारी दहाला फोन आला नाही. अकरापर्यंत बाईंनी टेबलाशी बसून आकड्यांची बेरीज केली. सगळ्या खोल्या आणि मधल्या भिंती मिळून होत होते चौदा मीटर बहात्तर. व्हरांड्याची सलग लांबी वहीत होती चौदा साठ. बारा सेंटीमीटरचा घोळ. पुन्हा बेरीज केली, पुन्हा तेच. मग आलं लक्षात. भावाने टोक कोपऱ्यात धरलंच नव्हतं. तो बोलत होता, बोलता बोलता अर्धी वीत पुढे सरकला असणार.

पूर्वीच्या ट्रेसरबाईंनी साठच लिहिले असते. या बाई सोमवारी दुपारी पुन्हा दवाखान्यात गेल्या. सिस्टर इंजेक्शनच्या रांगेत अडकलेली, वॉर्डबॉय सुट्टीवर. टोक धरायला कुणी नव्हतं. बाईंनी मोरीतून फिनेलचा भरलेला कॅन उचलून आणला, टेपचं टोक कोपऱ्यात भिंतीला नीट टेकवलं, त्यावर कॅन ठेवला, ओढून पाहिलं. हललं नाही. मग त्या टेप सोडत व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाकडे चालू लागल्या.